सेड, क्लेम्ड, अ‍ॅडमिटेड

चुकीचा इंग्रजी शब्द डिक्शनरीकाकांना भातातल्या खड्यासारखा लागायचा. कंपनीच्या नोटीस बोर्डावर दिसला, की खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे दुरुस्त करायचे; खाली सही कुणाचीही असो. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात ते हेडक्लार्क होते.

मी क्वालिटी विभागात नवी, मराठी माध्यमातली. द्वारकेच्या थांब्यावर कंपनीच्या बसमध्ये चढले, की काकांनी शेजारची जागा धरून ठेवलेली असायची. मोहदरीचा घाट चढेपर्यंत रोज एक शब्द. एकट्या ‘से’ने मात्र आठवडा खाल्ला.

“‘सेड’ म्हणजे नुसतं ‘म्हणाली’. लिहिणाऱ्याचं त्यावर काही मत नाही,” काका सांगायचे. “‘क्लेम्ड’ लिहिलंस, की अर्थ होतो, ती म्हणते खरी, पण आमचा भरवसा नाही. आणि ‘अ‍ॅडमिटेड’ लिहिलंस, की माणूस गुन्हेगार झालाच. समानार्थी शब्द पुस्तकात असतात, पोरी. माणसांत नसतात.”

परदेशी ग्राहकांसमोर मी पहिल्यांदा इंग्रजीत बोलले, तेव्हा काका काचेच्या दाराबाहेर उभे होते. माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचेही ओठ हलत होते. घरी आई म्हणाली, “अगं, एवढं तर सख्खा काकाही करत नाही.”

मग प्रेस मशीनवर काम करताना सुनंदाबाईंची दोन बोटं गेली. मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी, काढून ठेवलेलं होतं. मी ते सकाळीच पाहिलं होतं आणि सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. चौकशी करणाऱ्या साहेबांना मी हेच सांगितलं, मराठीत. काका शेजारी बसले होते, इंग्रजी बघायला. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या जबाबाचा टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यांनीच लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय? मी सही केली.

आठवड्याने निलंबनाचं पत्र आलं, सोबत तो कागद. गार्ड नसल्याचं माहीत होतं, हे मी ‘अ‍ॅडमिट’ केलं होतं. सुपरवायझरला सांगितल्याचा मात्र ‘क्लेम’ केला होता. एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी सगळा दोष माझ्यावर आला होता.

सुनंदाबाई बांधलेला हात घेऊन घरी आल्या. “ताई, तुम्ही सुपरवायझरला सांगितलं ते म्या ऐकलं हाय. पन मला कोनी इचारलंच नाय.”

मी जेलरोडला काकांच्या घरी गेले. “काका, मी फक्त सांगितलं होतं. कबूल काय केलं?”

त्यांनी चहा पुढे केला. “अगं, अर्थ शेवटी एकच होतो,” ते म्हणाले. ज्या माणसाने आठवडाभर मला उलटं शिकवलं, तो हे म्हणत होता! मग कपाकडे बघत म्हणाले, “साहेबांनी सांगितलं तसं टाइप केलं. माझी दोनच वर्षं राहिलीत, पोरी.”

मी चहा प्यायले. विश्वासही ठेवला. आपल्या माणसाला माफ करायला एवढं कारण पुरतं.

पुढे मी चौकशीची सगळी कागदपत्रं मागितली. त्यात साहेबांच्या हातचा कच्चा मसुदाही चुकून आला. साहेबांचं इंग्रजी साधं. त्यांनी दोन्ही ठिकाणी ‘सेड’च लिहिलं होतं. त्यावर काट मारून वर दोन नवे शब्द लिहिले होते. अक्षर काकांचं. ते मी कुठेही ओळखलं असतं.

कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते आपणहून सुचलं होतं.

सुनंदाबाईंनी माझ्या बाजूने लेखी दिलं आणि निलंबन मागे घेतलं गेलं. पण त्या बसमध्ये पुन्हा चढवेना. मी राजीनामा दिला. आता अंबडला नोकरी करते.

गेल्या महिन्यात शहर बसमध्ये काका भेटले. निवृत्त झालेत, काठी आली आहे. शेजारी बसले. मग म्हणाले, “अजून राग आहे का गं?”

“नाही, काका,” मी म्हणाले आणि पुढच्याच थांब्यावर उतरले. माझं घर तिथून बरंच लांब होतं.