उचकटलेले चार बाण

सरांनी स्क्रूड्रायव्हर घातला आणि माझ्या कीबोर्डवरची बाणांची चारही बटणं उचकटून काढली. खिशात टाकली. नवी पेठेत कापडदुकानाच्या वर आमचं ऑफिस. दहा-बारा माणसं. सगळ्यांच्या देखत.

"बोटं जागेवर ठेवायला शिकलीस की परत देईन. विड्या वळणाऱ्यांच्या घरातून आलीस, हाताला शिस्त कुठून येणार?"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

माझा गुन्हा एवढाच. कोड लिहिताना दोन अक्षरं टाइप केली की स्क्रीनवरचा एडिटर पुढच्या शब्दांची यादी उघडतो. त्यातला हवा तो निवडायला मी हात उचलून बाणांकडे नेत होते. सरांच्या मते हा अडाणीपणा. आणि मला कायम करायचं की नाही, ते या थोर माणसाच्या हातात. म्हणून हसले.

घरी अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. नजर टीव्हीवर. पान, तंबाखू, दोरा. हात सुपाबाहेर जातच नव्हता. न बघता कसं जमतं, मी विचारलं.

"बघायचं कशाला गं? सगळं हाताखालीच मांडलंय की."

मग मीही मांडलं. कॅप्सलॉकच्या बटणाला कंट्रोलचं काम दिलं. ते धरून 'जे' अक्षर दाबलं, की यादीत खाली. 'के' दाबलं, की वर. टॅब मारला की शब्द जागेवर. पंधरा दिवस बोटं चुकत राहिली, मग चुकेनाशी झाली.

बाण मागायला सरांच्या टेबलाशी गेले. सर जागेवर नव्हते. त्यांचा कीबोर्ड तेवढा दिसला. बाकी बटणं नव्यासारखी. बाणांवरच्या खुणा मात्र झिजून पुसलेल्या. म्हणजे हे स्वतः रोज तेच दाबत होते! नियम फक्त माझ्यासाठी होता. बाण न मागताच मी परत आले.

त्याच आठवड्यात पुण्याहून ग्राहक आले. सर त्यांना घेऊन थेट माझ्या टेबलाशी.

"बघा, बाणांशिवाय काम करते. विडीवाल्यांची पोरगी, पण मी शिस्त लावली."

माझे हात थांबले. मी खुर्चीतून उठले.

"तुम्ही नाही शिकवलं, सर. माझ्या आईनं शिकवलं. तुम्हाला येतं का? बसा."

सरांना पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. बसले. यादी उघडली. हात सवयीने उजवीकडे गेला, चार रिकाम्या खाचांवर. तिथेच चाचपडत राहिला. मग माउस शोधू लागले. केवढा तो मोठा माणूस, आणि चार बटणांवाचून अडला.

या वेळी कोणी हसलं नाही. तेवढी हिंमत त्या ऑफिसात कुणाकडेच नव्हती.

महिनाअखेर मला काढलं. "स्वभाव जुळत नाही," सर म्हणाले. ड्रॉवरमधून बाण काढून पुढे सरकवले.

"ठेवा, सर. तुमच्याच कामाचे आहेत."

आता दुसरीकडे आहे. पहिल्याच दिवशी तिथे कुणीतरी विचारलं, घरचे काय करतात? "अम्मा विड्या वळते," मी मोठ्याने सांगितलं आणि एकेकाचं तोंड नीट पाहून घेतलं. यापुढे कोणी हसेल तेव्हा मी हसणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. त्याला खुर्चीत बसवीन आणि त्याची बोटं कुठे जातात ते सगळ्यांना दाखवीन.