डोंगळ्यांचे चित्रीकरण

१९९३च्या फेब्रुवारीत भडगाव तालुक्यात, गिरणेकाठच्या एका वावरात, बियाण्याच्या कांद्याचे चित्रीकरण दोनदा करावे लागले. पहिल्या वेळी फुलांवर मधमाश्या नव्हत्या.

माहितीपटाचा विषय रासायनिक खते आणि औषधे न वापरता पिकवलेले अन्न हा होता. ‘सेंद्रिय’ हा शब्द तेव्हा शेतकरी मेळाव्यांत ऐकू येऊ लागला होता, बाजारात पोचला नव्हता. धुळ्यात देवपूर भागातली काही प्राध्यापकांची घरे अशा शेतकऱ्यांकडून ज्वारी, डाळ आणि कांदे थेट घेत. ती घरे आणि त्यांना माल देणारे शेतकरी एवढाच आमचा पट होता. मी धुळ्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. रजा टाकून संहिता लिहीत होतो. कॅमेरामन जळगावचा. एरवी तो लग्नांची शूटिंग करी, त्यामुळे नांगर धरलेल्या माणसालाही “मान जरा वर, हसा” असे सांगे.

वावर ज्यांचे, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना कांद्याचे बी विकत घेत नसत. चांगले कांदे निवडून ते पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे आणि पांढरे गोंडे येऊ द्यायचे, गोंड्यांतले काळे बी पुढे पेरायचे, ही त्यांची पद्धत होती. बियासाठी लावलेल्या अशा कांद्यांना डोंगळे म्हणतात. बी धरायला गोंड्यांवर माश्या फिराव्या लागतात. आदल्या वर्षी त्या फिरल्या नाहीत आणि गोंडे पोकळ राहिले. घरात उरलेल्या जुन्या बियावर कसाबसा एक हंगाम निघाला. कांद्याचे बी फार काळ टिकत नाही. यंदाही धरले नसते, तर वडिलांपासून चालत आलेले वाण संपले असते.

कारण नानांनी बांधावर उभे राहून हाताने दाखवले. पलीकडे त्यांच्या चुलतभावाचे सूर्यफूल यंदाही ऐन फुलात होते.

“तो सकाये औषध मारस. मन्या माशा बठ्ठ्या तठेच मरतस.”

“तुम्ही त्यांना सांगितलं?”

“आम्ही बोलतस नही.”

नानांच्या पत्नी, अक्का, भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बांधनी मोजणी व्हयनी तवयपासून. दोन्ही येडा शेतस, भाऊ.”

संहितेत मी एक वाक्य लिहून ठेवले होते: शेजारच्या विषारी फवारणीने या शेतकऱ्याचे बी गेले. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय आमच्या दैनिकात बातमी लागत नसे. मी मायक्रोफोन घेऊन बांध ओलांडला. कॅमेरा चालूच होता.

चुलतभावाला गावात आबा म्हणत. ते पाठीवर पंप घेऊन उभे होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, “आमनी बी शूटिंग करा ना! पंप नवा शे. कॅमेरामा बरा दिसी.”

फवारणी सकाळीच का, असे मी विचारले. उत्तर सरळ होते. विहीर दोघांची सामाईक. शेतीची वीज त्या महिन्यात सकाळी आणि संध्याकाळी काही तास येई. सकाळची पाण्याची पाळी नानांची, संध्याकाळची आबांची. संध्याकाळी पाणी भरायचे, म्हणून औषध सकाळी. माश्यांचे त्यांना कोणी काही बोलले नव्हते. नानांचे डोंगळे पोकळ निघाले ते खत न दिल्यामुळे, अशी त्यांची समजूत होती.

नानांनी हे ऐकले. ते आबांशी बोलले नाहीत. बांधावर चरणाऱ्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, “काय रे, माशा सकाये कामवर येतस. एवढं ज्याले समजत नही, त्याले काय सांगवा?”

आबांनी पंप खाली उतरवला आणि पंपाकडे बघून म्हणाले, “लोकेसले वाटस आम्हले हौस शे सकाये उठानी. संध्याकायले लाइट उनी की पाणी कोन भरी? तुना बाप?”

“त्याले सांग, बापले काढू नको,” नाना बैलाला म्हणाले. दोघांचे बाप सख्खे भाऊ होते.

कॅमेरामनने माझ्या कानाशी येऊन विचारले, “हे कोणाशी बोलतायत?”

“एकमेकांशी.”

अक्कांनी भाकरीचे फडके झटकले. त्या बैलाशी बोलल्या नाहीत, पंपाशीही नाही; सरळ नानांना म्हणाल्या, “पाळी बदला ना मंग! त्या सकाये पाणी भरतीन, तुम्ही संध्याकायले. इतलं डोकं बैलले बी शे.”

 मग आबांनी पंपाला विचारले, “कितला दिन?”

“फूल सुकतस तवलोंग,” नानांनी बैलाला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली तेव्हा पाणी आबांच्या सूर्यफुलात गेले. नवा पंप त्यांच्या ओट्यावर होता. फवारणी त्यांनी दिवस कलल्यावर केली. ती आम्ही चित्रित केली. आबा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले होते. कॅमेरामनने त्यांनाही हसायला सांगितले. ते हसले नाहीत. औषध मारताना कोणी हसते का, असे त्यांनी त्याला विचारले.

आठवडाभराने आम्ही परत गेलो. सकाळच्या उन्हात गोंड्यांवर माश्या होत्या. एकेका गोंड्यावर त्या गोल फिरत आणि शेजारच्यावर जात. कॅमेरामन आधी लांबून काम करत होता, नंतर दांड्यांच्या रांगेत उकिडवा बसला आणि टेप संपेपर्यंत उठला नाही. अक्कांनी त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. एक ताट झाकून बांधावर ठेवले होते. आम्ही जेवून उठलो तेव्हा ते रिकामे होते.

संहितेतले आरोपाचे वाक्य मी काढले. त्या जागी हे वाक्य आले: शेजारच्या शेतात फवारणी संध्याकाळी होते.

एप्रिलच्या अखेरीस शेवटच्या दृश्यासाठी वावरात गेलो. गोंडे कापून, वाळवून, चोळून झाले होते. सुपात काळे बी होते. नानांनी पातेल्यात पाणी घेतले आणि बी त्यात सोडले. हलके बी आणि भुसा वर आला, तो त्यांनी हाताने काढून टाकला. बाकीचे भरलेले बी तळाला बसले. अक्कांनी पाणी निथळून ते सावलीत धोतरावर पसरले.