खराट्याचं कलम

त्या शनिवारी दुपारी तीनपासून आमच्या गल्लीत एकाही खिडकीचा पडदा जागेवर नव्हता. समोरच्या फ्राउ ड्युर, म्हणजे ड्युरबाई, तर कोपराखाली उशी घेऊनच खिडकीत बसल्या होत्या. रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता, गोल होत होते, पण ऐकतंय कोण! सगळ्यांचे डोळे आमच्या घरासमोरच्या सात दगडी पायऱ्यांवर लागले होते आणि पायऱ्यांवर चेस्टनटच्या पानांचा घोटाभर थर साचला होता. चर्चची सहाची घंटा व्हायच्या आत ओटमार क्लेंक यांनी ती पानं झाडली, तर ते तळमजल्यावर पुढेही राहायला मोकळे. नाही झाडली, तर तो तळमजला घराच्या नव्या मालकीणबाईंना, म्हणजे रोझविता क्नोडलर यांना मिळण्याची शक्यता होती.

रोझविताबाई चौतीस वर्षं या श्टुटगार्टच्या चढ-उतारांवर सरकारी बस चालवत होत्या. आमच्या घरासमोरच त्यांचा थांबा. दिवसातून अकरा वेळा बस थांबायची, दार उघडायचं, आणि बाई उतारूंकडे न बघता आमच्या तळमजल्याच्या खिडकीतल्या लाल फुलांकडे बघायच्या. कधी सुट्टीवर गेल्या नाहीत, कधी नवा कोट घेतला नाही. साठी उलटली, निवृत्त झाल्या आणि सरळ ते घरच विकत घेतलं. बसमधून जे इतकी वर्षं बघितलं ते खरंच आपलं झालं, हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं. पहिल्या दिवशी लोणी लावलेल्या ब्रेत्सेल पावांची पिशवी घेऊन आल्या आणि आमचे हात दाबून म्हणाल्या, "मी तुमची नवी मालकीण. घाबरू नका. मीच घाबरलेय."

क्लेंक यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज गुरुवार. पाटी रविवारी तुमच्या दाराला लागेल."

ही पाटी म्हणजे आमच्या घराचा धर्म. 'झाडण्याचा आठवडा' असं लिहिलेली लाकडी फळी दर रविवारी एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. ज्याच्या दारावर ती, त्यानं जिना, तळघर, बाहेरच्या पायऱ्या आणि फुटपाथ लख्ख करायचा. मालक असो की भाडेकरू. या शहरात माणसाचं चारित्र्य त्याच्या फुटपाथवरून ठरतं.

घर विकलं म्हणून भाडेकरार मोडत नाही, असा इथला कायदा. त्यामुळे बाईंना घराबरोबर आम्ही दोघं आपोआप मिळालो. मधल्या मजल्यावर मी, तळाला क्लेंक. रिकामं होतं ते फक्त माळ्यावरचं घर. एकसष्ट पायऱ्या. आणि चौतीस वर्षं ब्रेक दाबून बाईंच्या उजव्या गुडघ्याचा पार चुरा झालेला. बाजारातून बटाटे आणले की मधल्या वळणावर, माझ्या दाराशी, त्या पिशवी टेकून बसायच्या आणि म्हणायच्या, "काय माणूस आहे मी! स्वतःच्या घरात स्वतःच चढू शकत नाही."

मालकाला स्वतःला राहायची गरज असेल तर भाडेकरूला नोटीस देता येते. बाईंनी फार सभ्य भाषेत दिली. दुसऱ्याच दिवशी क्लेंक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन एकसष्ट पायऱ्या चढले. वय एक्क्याऐंशी, पण धाप लागली नाही, हेही बाईंना लागलंच. डब्यात १९८३ चा भाडेकरार होता. त्याच्या पाठीमागे जुन्या मालकाच्या, कै. वित्सेमान यांच्या हातचं लिहिलेलं आणि खाली सही केलेलं:

'श्री. क्लेंक आपला झाडण्याचा आठवडा जोवर स्वतः, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, न चुकता पार पाडतात, तोवर कोणताही मालक कोणत्याही कारणाने त्यांना घर सोडायला सांगणार नाही.'

"असलं कसलं कलम?" बाई ओरडल्या.

"वित्सेमानना झाडायचा कंटाळा होता. मला घर हवं होतं." क्लेंक डबा बंद करत म्हणाले.

"आणि मागच्या अंगणातलं वर्कशॉप? तेही अडवून ठेवलंय तुम्ही!"

"मी गाद्या-खुर्च्या शिवणारा माणूस. तुमच्या बसची सीटसुद्धा मीच शिवली असेल."

"तरीच माझी कंबर गेली!"

दोघांमधलं पहिलं संपूर्ण संभाषण ते एवढंच. पुढे चार महिने जिन्यात फक्त 'सुप्रभात'. तेसुद्धा असं, की समोरच्याची सकाळ नासावी.

बाईंचा भाचा फोल्कर वकील आहे. त्यानं करार वाचून सांगितलं, "आत्या, कलम चांगलंच पक्कं आहे. पण म्हातारा एकदा जरी चुकला, तर आपल्या हाताला काहीतरी लागेल. फोटो काढ, तारीख दिसू दे. आणि एक कर. बाकी काही करू नकोस. हात लावू नकोस कशाला."

काही करू नकोस, असं रोझविताबाईंना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, खटला तिथेच हरला गेला होता.

तर तो ऑक्टोबर. पाटी क्लेंक यांच्या दारावर. गुरुवारी रात्री वादळ झालं आणि चेस्टनटनं वर्षाची सगळी पानं एका दमात आमच्या पायऱ्यांवर ओतली. शुक्रवारी सकाळी क्लेंक खराटा उचलायला वाकले आणि तिथेच, वाकलेलेच राहिले. पाठ धरली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पण म्हातारा काटकोनातून काही बाहेर येईना.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांकडे बघत बसले होते. म्हटलं, "काका, मी झाडतो. कुणाला कळणार?"

"'स्वतः' लिहिलंय," ते जमिनीला म्हणाले. "चाळीस वर्षांत मी एकदाही खोटं झाडलेलं नाही."

"मग बाईंशी बोला."

"काय बोलू? दया करा म्हणू? ती बाई धावत येणाऱ्याच्या तोंडावर दारं बंद करून बस सोडायची."

साडेचार वाजता त्यांनी प्रयत्न केला. खराट्याला धरून दारापर्यंत आले, पहिल्या पायरीवर एकदा फिरवला, तीन पानं उडाली, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून फ्राउ ड्युर यांच्या हातातून उशी खाली रस्त्यावर पडली. मी त्यांना धरून आत नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले.

साडेपाच. वरून बाईंच्या पावलांचा आवाज सुरू झाला. एक पाय, थांबा. दुसरा पाय, थांबा. एकसष्ट वेळा! मी खिडकीला चिकटलो. बाई बाहेर आल्या तर गळ्यात कॅमेरा आणि हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र. तारीख दिसावी म्हणून ते त्यांनी पानांवर पसरलं, वर एक दगड ठेवला, मागे सरकल्या, डोळा मिटला, कॅमेरा लावला.

आणि तशाच राहिल्या.

मला वरून दिसत होतं त्यांना काय दिसतंय ते. चौकटीच्या मधोमध त्यांचंच घर. दाराशेजारी त्यांनीच हौसेनं लावलेली पितळी पाटी: 'क्नोडलर'. आणि तिच्या पायाशी हा उकिरडा. हा फोटो फोल्कर कोर्टात ठेवणार. न्यायाधीश बघणार, कारकून बघणार, नको तेवढ्या माणसांत तो फिरणार: क्नोडलर यांचं घर, शनिवार, पायऱ्या न झाडलेल्या.

तेवढ्यात समोरून फ्राउ ड्युर कडाडल्या, "काय हो रोझविता! घर घ्यायला खराटा विकलात की काय?"

संपलं. बाईंनी कॅमेरा पाठीवर ढकलला, दाराला टेकवलेला क्लेंक यांचाच खराटा उचलला आणि सुटल्या! काय झाडत होत्या! गुडघा कुठे गेला कोण जाणे. पानं उडाली, पहिली पायरी, दुसरी, तिसरी, वर्तमानपत्रही झाडलं गेलं, तारखेसकट. "पाच मिनिटं राहिली!" कुणीतरी ओरडलं. "फुटपाथ, फुटपाथ!" दुसरा ओरडला. मी भान विसरून खिडकीतून टाळ्या पिटत होतो. बाईंनी शेवटची सूपभर पानं पिंपात रिकामी केली आणि घंटेचा पहिला टोला पडला.

बाई सगळ्यांत खालच्या पायरीवर मटकन बसल्या. फोन वाजला. फोल्कर इतका मोठ्यानं बोलत होता की मला वर खिडकीत ऐकू आलं.

"आत्या, फोटो काढलास?"

"आता काढते."

"बघू. कसा आहे?"

"सुंदर," बाई म्हणाल्या. "पायऱ्या आरशासारख्या आहेत."

फोल्करनं फोन ठेवला.

मागे दार उघडलं. काटकोनातले क्लेंक चौकटीला धरून उभे होते. वाकल्यामुळे त्यांची नजर नेमकी पायऱ्यांवरच होती.

"स्वतः झाडल्या नाहीत मी," ते म्हणाले. "कलम मोडलं. तुम्ही साक्षीदार आहात."

"मी काही बघितलं नाही. मी झाडत होते."

"डावा कोपरा राहिलाय."

"अहो, तुमचं घर वाचवलं मी! आणि वर कोपरा?"

"राहिलाय तर राहिलाय."

बाई उठल्या, कोपरा झाडला आणि खराटा त्यांच्या हातात आदळला. क्लेंक तरी आत जाईनात. जमिनीकडे बघत म्हणाले, "वर्कशॉप कलमात नाही. दोन वर्षं झाली, हात थरथरतात, मी सुई धरलेली नाही. नळ आहे, शेगडी आहे. अंगणातून आत जायचं, एकही पायरी नाही. मी हे आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही नोटीस पाठवलीत."

"तुम्ही डबा आणलात!"

"तुम्ही ओरडलात!"

यावर दोघं इतके भांडले की फ्राउ ड्युर तृप्त होऊन खिडकी लावून आत गेल्या.

नाताळच्या आधी बाई वर्कशॉपमध्ये राहायला गेल्या. कपाट दारातून आत जाईना म्हणून ते अजून माळ्यावरच आहे, आणि त्यांचे हिवाळी मोजे आणायला मला एकसष्ट पायऱ्या चढाव्या लागतात. खिडकीतली लाल फुलं अर्धी अंगणाकडे आली. करारही बदलला. वित्सेमान यांच्या अक्षराखाली बाईंनी स्वतः लिहिलं: 'एकाची पाठ किंवा दुसऱ्याचा गुडघा धरल्यास त्याचा आठवडा दुसऱ्याने करावा. यास चुकणे म्हणू नये.'

क्लेंक यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पेन मागून घेतलं आणि सही करण्याआधी, थरथरत्या अक्षरात, शेवटी दोन शब्द वाढवले: 'मात्र कोपऱ्यांसह.'