छपरावरचे टायर

पाड्यातल्या मंडळींनो, हे आत्ताच वाचा, संध्याकाळवर ढकलू नका.

माझी पोर तीन दिवस तापानं फणफणलेली. आज सकाळी रिपोर्ट आला, डेंग्यू. तिची आई तिच्याजवळ मुरबाडला दवाखान्यात आहे. मी कपडे न्यायला घरी आलो, तर आरोग्य केंद्राच्या आशाताई डासांच्या अळ्या तपासायला दारात उभ्या.

माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "ताई, ड्रम घासून ठेवलाय, मच्छरदाणी लावतो, रोज धूर करतो. आमच्याकडं काय नाय मिळायचं."

ताईंनी नुसतं छपराकडं बघितलं. "दादा, शिडी आहे का?"

वाऱ्यानं प्लास्टिक उडू नये म्हणून आपण सगळेच छपरावर जुने टायर ठेवतो. मी चढलो आणि एक टायर कलता केला. आतल्या काळ्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. खाली बरोबर पोरीची खाट.

"शेजारच्या छपरावरचे पण तुमचेच ना?" ताईंनी खालून विचारलं.

माझेच. पंक्चरचं दुकान माझं. पावसाळ्याआधी अर्ध्या पाड्याला टायर मीच फुकट वाटले, वर मोठेपणाही मिरवला.

कपडे पोचवून मी परत येतोय. तोवर ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून टायर नेले, त्यांनी ते उतरवून आतलं पाणी ओतून टाका. प्लास्टिकवर वजनाला वाळूच्या गोण्या ठेवा.

शिव्या नंतर द्या. आधी सांगा, आणखी कोणाच्या घरात ताप आहे?