मानखुर्दची तिसरी

गुणाजी गवाणकरांनी मानखुर्दला दुसरा संसार थाटलाय, ही बातमी अंधेरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दीड महिना झकास चालली. दर सोमवारी हा पन्नाशीचा माणूस दाढी करून, पिशवी छातीशी धरून निघणार, म्हणजे आणखी काय असणार? पहिल्या मजल्यावरच्या नीलाताईंनी तर त्या बाईचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. शेवटी गुणाजींच्या बायकोनेच, सुगंधावहिनींनी, खुलासा केला. "अगं, तिथे माझा सख्खा भाऊ राहतो, नितेश. आणि पिशवीत हार्ड डिस्क असते." नीलाताईंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

गुणाजी लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करतात. हार्ड डिस्क घ्यायला ते साकीनाक्याला जातात, तेव्हा दुकानदार प्रीतम आधी पाणी पिऊन घेतो.

"वॉरंटी किती?"

"पाच वर्षं, काका."

"दिवसभर डेस्कटॉपमध्ये फिरत राहिली तर दमेल?"

"नाही दमणार. किती देऊ, दोन?"

"एकच. दुसरी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या दुकानातून."

"अहो, माझ्याकडे काय वाईट आहे?"

"एकाच आढीतले आंबे एकाच दिवशी नासतात रे."

घरी आणलेली नवी डिस्क आठ दिवस भरायची, पुसायची, परत भरायची. त्यात टिकली तरच तिच्यावर कोणाचं लग्न ठेवायचं. लग्नाच्या प्रती तीन: एक कॉम्प्युटरच्या पोटात, एक कपाटात, तिसरी मानखुर्दला नितेशकडे. घराला आग लागो की पाणी भरो, लग्न शाबूत.

यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या रतनभाऊंच्या दीप्तीचं लग्न त्यांच्याकडे होतं. त्या लग्नात चौऱ्याऐंशी वर्षांच्या रुक्मिणीआजी जन्मात पहिल्यांदा बँडसमोर नाचल्या होत्या. रतनभाऊ बजावून गेले होते, "गुणाजीभाऊ, बाकी काय कापायचं ते कापा, आईच्या नाचाला कात्री लावू नका." दसऱ्यानंतरच्या रविवारी गच्चीवर पडदा लावून फिल्म दाखवायची होती. कॅमेऱ्याची कार्डं तर पुसून पुढच्या लग्नाला गेलीसुद्धा.

आणि दसरा आला. पोटाला देणाऱ्या हत्यारांची पूजा नको? इतकी वर्षं पाटावर नुसता कॅमेरा असायचा. यंदा गुणाजींच्या मनात आलं, आपलं खरं हत्यार डिस्क. कॉम्प्युटर उघडून पोटातली काढली, कपाटातली काढली, आणि नितेशला फोन केला, "तिसरी पण घेऊन ये, तिलाच का उपाशी ठेवायची?"

नितेशचा पत्ता नाही. मुहूर्त टळायला लागला, तेव्हा गुणाजींनी दोघींना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं वाहिली आणि नारळ उचलला.

"अहो, बाहेर फोडा ना," सुगंधावहिनी म्हणाल्या.

"देवासमोर फोडायचा असतो, जिन्यात नाही."

नारळ होता पाणीदार. एका फटक्यात दोन शकलं झाली आणि दोन्ही डिस्कना अभ्यंगस्नान घडलं.

गुणाजींनी पंच्याने पुसलं, पंख्याखाली अर्धा तास धरलं, आणि जी घाई त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती केली. डिस्क जोडल्या. पहिली गप्प. दुसरी टक, टक, टक करून गप्प. गुणाजी पाटावरच बसले. रतनभाऊंना काय तोंड दाखवायचं? आजींना पुन्हा नाचायला सांगायचं?

मग फोन लावला. "नितेश, कुठे आहेस? डिस्क कुठे आहे?"

"भावोजी, ओरडू नका ना. निघतच होतो, पण श्रीखंडपुरी झाली आणि डोळा लागला. डिस्क कपाटातच आहे. आत्ता निघतो, यार."

"निघू नकोस! हात लावू नकोस तिला! झोप तू, झोप!"

रिक्षा करून गुणाजी स्वतः मानखुर्दला गेले. तिथेच मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर बसून आधी सोबत नेलेल्या नव्या डिस्कवर प्रत काढली आणि मग पाणी प्यायले. रविवारी गच्चीवर रुक्मिणीआजी पडद्यावर नाचल्या. समोर बसलेल्या खऱ्या आजी म्हणाल्या, "ही कोण गं नाचरी?" रतनभाऊंनी तेवढा तुकडा तीनदा लावायला लावला.

सुगंधावहिनींच्या तोंडून नारळाची गोष्ट तोवर सगळ्या मजल्यांवर पोचली होती. खुर्च्या आवरताना सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी सगळ्यांसमोर विचारलंच, "काय गुणाजी, पुढच्या दसऱ्याला करणार का डिस्कची पूजा?"

गुणाजी म्हणाले, "करणार ना. पण एकदम नाही. एकीची दसऱ्याला, दुसरीची पाडव्याला, आणि तिसरीची नितेश घेऊन येईल तेव्हा."