तीन नंबरच्या मशीनचं घड्याळ

त्या घटनेची आठवण आजही निघते, आणि निघाली की मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतो, मग मनगटावरच्या. दोन्ही जुळली की जिवाला बरं वाटतं.

मी सातवी नापास. शिपाई म्हणून भरती झालो, जमादार झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. मला कोणी शिकवायला आलं की राग येतो. तवाही यायचा, आताही येतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावाच्या चौकीवर मी अंमलदार होतो. हाताखाली दोन शिपाई. लोडशेडिंगचे दिवस, त्यात गावाचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेला. शेजारच्या लाईनवरून उसनी वीज मिळायची, तीही दुपारची. अकराला यायची, चारला जायची, ती दुसऱ्या दिवशी अकरालाच. पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान आणि बाजारातला नवा कॉम्प्युटर क्लास, सगळं त्या पाच तासांत उरकायचं.

गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या मुलीची सोयरीक चकलांब्याकडं ठरली होती. लग्नाला महिना उरला असताना नवरदेवाच्या घरी पोस्टानं एक पत्र गेलं. कॉम्प्युटरवर टाईप केलेलं, खाली सही नाही. मुलीचं दुसरीकडं जमलेलं आहे, आपल्या घराची अब्रू सांभाळा, एवढाच मजकूर. सोयरीक मोडली. मुलीचे दोघं भाऊ ते पत्र घेऊन चौकीत आले. थोरल्यानं ते माझ्या टेबलावर आपटलं.

"जमादार, ह्यो कोण हाय ते आजच्या आज काढा. न्हाईतर आमी काढतो, मंग तुमी फकस्त पंचनामा करा."

बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. पण धाकटा एक शब्द बोलला नाही, नुसता दाराबाहेर बघत उभा राहिला. त्याची वाटली.

खबर दुसऱ्या दिवशी मिळाली, शाळेच्या शिपायाकडून. पत्राची गोष्ट तोवर गावभर झाली होती. त्यानं कागद उन्हात धरला आणि म्हणाला, "जमादारसाहेब, हरेक ओळीतून ही बारीक पांढरी रेघ गेलीय बघा. क्लासच्या प्रिंटरची एक सुई तुटलीय. आमच्या शाळेचे कागद तिथूनच निघतात, त्यावर अशीच रेघ असती."

मी दोन पंच घेऊन दुपारी दोनच्या सुमाराला क्लासवर गेलो. भाऊ मागोमाग आलेच. क्लासचा मालक अंबाजोगाईला राहायचा. इथं शिकवायला एक बाविशीतला मास्तर होता, तो क्लासमध्येच झोपायचा. त्याचं घर बौद्धवाड्यात. त्यामुळं बाजारात किती लवकर गर्दी जमली ते वेगळं लिहीत नाही.

ओळीनं पाच कॉम्प्युटर होते. मी माझ्या शिपायाला सांगितलं, पाचही जप्त कर. त्यानं पाच पडदे उचलले, फडक्यात गुंडाळले, मी सीलसाठी लाख तापवायला लावली. मास्तर कोपऱ्यात उभा होता. भीत भीत म्हणाला,

"साहेब, त्यो नुसता पडदा हाय. लिहिलेलं त्यात ऱ्हात न्हाई. टेबलाखालच्या डब्यात असतंय सगळं."

"मला शिकवतो का बे?"

"न्हाई साहेब. पण पडदे नेलेत तर तुमाला काईच घावायचं न्हाई."

पंच हसले. माझे कान तापले. पण मनात एक गोष्ट टोचली. गुन्हेगार असता तर यानं मला पाचही पडदे खुशाल नेऊ दिले असते.

पडदे परत जोडले. त्यानं पंचांसमोर एकेक मशीन उघडून दाखवलं. पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात कचऱ्याची टोपली म्हणून एक खूण असते, ती उघडली. खोडलेलं तिथं पडून राहतं, माणसाला वाटतं गेलं. तिथं ते पत्र होतं.

मास्तरचा चेहरा पांढरा पडला. तिथून पुढं तो बोलेनासा झाला. मी ते गुन्ह्याचं लक्षण धरलं.

पत्रापुढं वेळ लिहिली होती. बारा चाळीस, रात्रीचे. तारीख कुठल्यातरी जुन्या सालच्या एक जानेवारीची. थोरला ओरडला, "रात्री बारा चाळीसला हितं कोण असतंय? ह्योच झोपतो ना?" एक पंच म्हणाला, रात्री लाईट कुठं असते? थोरला म्हणाला, "बॅटरीवर चालतंय ते." आणि तारीख? "ती ह्यानंच फिरवली आसंल." कोणी पुढं विचारलं नाही. मीही नाही. यंत्रावर आकडा दिसला की माणसाची अक्कल थांबते, हे मी त्या दिवशी स्वतःवरून शिकलो.

मी त्याला बाहेर काढेपर्यंत भावांनी दोन-चार तडाखे दिलेच. तीन नंबरचा डबा, पडदा आणि हजेरीचं रजिस्टर जप्त करून मास्तरला चौकीत आणलं. ठाण्याच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, उद्या दोनच्या आत केजला कोर्टात हजर कर, निघण्याआधी पत्र पंचांसमक्ष पुन्हा उघडून मजकूर लिहून घे. केजचा रस्ता त्या भावांच्या शेताला लागून जात होता. माझ्याकडं दोन शिपाई आणि एक काठी.

चौकशीत मास्तर एकच वाक्य म्हणायचा, "मी न्हाई केलं." मग कोणी केलं? गप्प. दम दिला, गप्प. चहा दिला, गप्प. बाहेर लिंबाखाली भावांची जीप उभी. सकाळी बघतो तर एकीच्या तीन जिपा झाल्या होत्या. बौद्धवाड्यातली चार म्हातारी माणसं समोरच्या ओट्यावर येऊन बसली होती. ती काही मागत नव्हती, नुसती बसली होती.

अकराला लाईट आली. मी मास्तरला बाहेर काढून मशीन जोडायला लावलं. पंच अजून यायचे होते. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी आल्या आणि मशीन अडून बसलं. त्यानं सवयीनं वरचं एक बटण दाबलं, मग ते पुढं सरकलं. इंग्रजी मला वाचता येत नाही, आकडे येतात. पडद्याच्या कोपऱ्यात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. भिंतीवर अकरा वाजून तीन.

"हे बारा कावून दावतंय?"

तो वायरी नीट करायला लागला.

मी स्वतः उठलो, बोर्डातून वायर काढली, परत खुपसली. पुन्हा काळा पडदा, पुन्हा तेच बटण, पुन्हा बारा. तारीख तीच, एक जानेवारी.

म्हणजे हे घड्याळ मेलेलं होतं. लाईट गेली की मरायचं, मशीन चालू झालं की बारापासून पुन्हा जन्माला यायचं. मग बारा चाळीस म्हणजे रात्र नव्हेच. मशीन चालू झाल्यापासून चाळीस मिनिटं. लाईट येते अकराला. मास्तर त्याच मिनिटाला मशीनं चालू करतो, कारण अकराची बॅच आधीच दारात उभी असते. चारपर्यंत ती बंद होत नाहीत. अकरा आणि चाळीस.

मी हजेरीचं रजिस्टर ओढलं. अकराची बॅच मुलींची. मशीन नंबर तीनपुढं महिनाभर एकच सही होती. ज्या मुलीची सोयरीक मोडली, तिचीच.

मी ते पत्र पुन्हा हातात घेतलं. अर्धा डझन वेळा वाचलेलं, पण तेव्हा कुठं कळलं. मजकुरात मुलीला नावं ठेवलेली होती. तिच्या बापाला, भावांना, घराला एक वाकडा शब्द नव्हता. वैरी असं लिहीत नाही.

"घड्याळ मेलंय हे तू काल कावून बोलला न्हाईस बे?"

मास्तर खाली बघत म्हणाला, "आतल्या पाटीवर रुपयाएवढा एक सेल असतोय साहेब. लाईट नसताना त्याच्यावर घड्याळ चालतंय. त्यो संपलाय. मालकाला दोनदा सांगितलं."

"ते नव्हं. बोलला कावून न्हाईस?"

"बोललो असतो तर पुढचं तुमी मोजलं असतं."

"तुझं तिचं काई हाय का?"

"न्हाई साहेब. ती हुशार हाय. बारावीला बसायचंय तिला. नाव निघालं तर भाऊ तिला जित्ती ठिवणार न्हाईत."

बाहेर जीपचं दार आपटल्याचा आवाज आला. आता माझ्या हातात एकाच्या जागी दोन जीव होते. एकाला सोडवायचं तर सगळं सांगावं लागत होतं, आणि सगळं सांगितलं तर दुसरी जात होती. रजिस्टर मी मिटलं आणि त्यावर माझी टोपी ठेवली.

पंच आले. मी मुलीच्या वडिलांना आणि दोघा भावांना आत बोलावलं. सगळ्यांसमोर वायर काढली, खुपसली. बारा वाजले. तीनदा करून दाखवलं. म्हणालो, "बघा. ह्या मशीनचं घड्याळ मेलंय. रात्रीची वेळ खोटी. क्लासात बॅटरी न्हाई, मालकाला फोन करून खातरी केलीय. रात्री बारा चाळीसला आख्ख्या गावात वीज नव्हती. ह्या पोरानं रात्री काय, दिवा लावून टाईप केलं का?"

वडिलांनी मान हलवली. ते समजूतदार होते. थोरलाही थंडावला. आणि तेव्हा पहिल्या दिवसापासून गप्प असलेला धाकटा पहिल्यांदा बोलला.

"मंग खरं कवा टाईप झालं, ते काढा की. लाईट कवा येती ते तर सगळ्यास्नी ठावं हाय."

मास्तरचे डोळे जमिनीला खिळलेले. अजून एक पायरी, आणि तो पोचला असता. पुढचं मी मोजून बसलो होतो, माझ्या टोपीखाली होतं ते. आयुष्यात मला कोणी अडाणी म्हटलेलं मी ऐकून घेतलं नव्हतं.

मी कपाळ खाजवलं. "ते मला काय कळतंय बाबा? मी सातवी नापास माणूस. घड्याळ मेलं म्हंजे सगळंच खोटं. त्यातलं एक खरं आन् एक खोटं असं मला काढता येत न्हाई. कागद केजला पाठवतो, साहेब बघतील."

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं आणि फिसकन हसला. "आन् काल पडदे बांधून नेत हुते. चल रं दादा, ह्यांच्यात काई दम न्हाई."

पंचही हसले. त्या हसण्यात जिपा निघून गेल्या.

साहेबांना मी फोनवर एवढंच कळवलं, वेळ सिद्ध होत नाही, पुरावा नाही. डायरीतही तेच लिहिलं, आणि मास्तरला सोडला. त्यानं भावांविरुद्ध फिर्याद दिली नाही. महिन्यात तो क्लास सोडून दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

रीत म्हणून मुलीचा जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. आई शेजारी बसली होती. मुलीचे हात ओढणीत गुंडाळलेले. मी मोठ्यानं म्हणालो, "पत्राचं काई कळायचं न्हाई बाई. मशीनचं घड्याळच मेलेलं. तुला काई सांगायचंय?"

"न्हाई काका."

"मंग अभ्यास कर. बारावीला किती दिवस राहिले?"

"अठ्ठेचाळीस," ती लगेच म्हणाली. आईनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि चहा ठेवायला उठली.

कायद्यानं मी बरोबर केलं का चूक, हे मी कोणाला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. शिकलो ते एवढंच. गप्प माणूस चोरच असतो असं नाही, तो कोणाला तरी पाठीशी घालून उभा असू शकतो. हे मला भडाभडा बोलणाऱ्या दहा साक्षीदारांनी शिकवलं नाही, त्या मार खाल्लेल्या मास्तरनं शिकवलं.

त्याची किंमत मात्र मी भरली. त्या गावात, मग तालुक्यात, 'पडदेवाला जमादार' हे नाव पडलं. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातही एकानं माईकवरून तो किस्सा सांगितला. सगळे हसले. मी हार घालून तसाच बसलो होतो.

आता मुलीचे आईवडील नाहीत. ती शिकली, शहरात नोकरी करते, आणि तेच भाऊ तिचं नाव छाती फुगवून सांगतात. गाव, सोयरीक, माणसं, मला पडलेलं नावसुद्धा ओळखू येणार नाही इतकं मी फिरवून लिहिलं आहे. ओळखेल ती एकटीच. तिलाही इतकी वर्षं वाटत असेल की जमादार अडाणी होता म्हणून आपण सुटलो.

बाई, अकरा वाजून चाळीस मिनिटं. मला मोजता येतं.