काठाखालचा डिंक

घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. हे नाव सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठेवलं, कारण नवी सून एका जेवणात चारदा उठली होती. पुढे वीस वर्षं तिने शाळेत चित्रकला शिकवली, तीही बाकांमधून फेऱ्या मारत. मग नोकरी सोडून तिने हाताने बनवलेल्या वस्तूंचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "दुकान म्हणजे गल्ल्यावर बसणं. जमेल तुला?"

"बसायला तुझी बहीण आहे की."

झालंही तसंच. नणंद गल्ल्यावर बसायची आणि भिंगरी दिवसभर फळ्यांवरच्या वस्तू इकडच्या तिकडे करायची.

दुकान जेमतेम दोन माणसं एकमेकांना न धडकता वळतील एवढं. लाकडी चमचे, मातीचे कप, हातमागाचे टॉवेल, वेताच्या टोपल्या. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असे: कुणी बनवली, किती दिवस लागले. मध्ये दलाल नाही, बनवणाऱ्याला त्याने सांगितलेला दाम, हा तिचा नियम होता आणि त्यात तिने कधी घासाघीस केली नाही. त्याचा तिला थोडा गर्वही होता.

सगळ्यात जास्त खपायच्या त्या टोपल्या. त्या विणायच्या नदीपलीकडच्या मावशी. साठी उलटलेली बाई, बोलणं तोलूनमापून, पण वीण अशी की टोपलीत पाणी ठेवावंसं वाटावं.

त्या महिन्यात चाळीस टोपल्या आल्या. आठवडाभरात एकोणीस गेल्याही. उरलेल्या रचताना नणंद म्हणाली, "वहिनी, या वेळी सगळ्या एका मापाच्या आल्यात बघ. एकीत एक कशा बसतायत."

भिंगरी जागीच थांबली. मावशींच्या टोपल्या आठ वर्षांत एकीत एक कधी बसल्या नव्हत्या. तिने एक टोपली पालथी केली, काठाखालून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी टणक लागलं. वाळलेला डिंक. मावशी वेताची टोकं विणीतच खोचायच्या. डिंक त्यांच्या घरात शोधूनही सापडला नसता.

"गिऱ्हाइकाला काय कळतंय?" नणंद म्हणाली.

"मला कळलं ना."

तिने फोन लावला. मावशींच्या सुनेने उचलला. मावशी झोपल्या होत्या. तासाभराने परत लावला, तरी झोपलेल्याच. दुपारभर भिंगरीने तीच फळी तीनदा पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये होती. बस रिकामी होती, तरी ती दांड्याला धरून उभीच राहिली आणि पूल ओलांडायच्या आधीच दाराशी गेली.

अंगणातली वेत भिजवायची टाकी कोरडी पडली होती. आत मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. बोटांचे सांधे सुजून गाठी झालेले. सुनेने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला तेव्हा भिंगरीला कळलं की त्यांची मूठही मिटत नाही.

सून लपवाछपवी करणारी नव्हती. "मीच आणल्या बाजारातून. तुमच्याच चिठ्ठ्या बांधल्या. यांना माहीत नव्हतं."

"पण का?"

"तुम्ही वीस तारखेच्या आत चाळीस मागितल्या. त्याआधी तीस. त्याआधी पंचवीस. तुम्हाला आकडा वाढवताना बरं वाटायचं, दिसायचं तुमच्या तोंडावर. आणि या कुणाला नाही म्हणत नाहीत."

"मला सांगायचंत, मावशी."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं, तर तू दुसरीकडून घेतल्या असत्यास."

मागच्याच महिन्यात भिंगरीने दुसऱ्या एका विणणाऱ्याचा पत्ता वहीत उतरवून ठेवला होता. टोपल्या दोन दिवस उशिरा आल्या म्हणून.

"बस जरा," मावशी म्हणाल्या. "आल्यापासून उभी आहेस."

ती बसली. बसल्यावर तिला रडू आलं, आणि मावशींना तिचे डोळे पुसता येईनात म्हणून सुनेने आपला पदर तिच्या हातात दिला, तोही जरा नाराजीनेच.

परत आल्यावर तिने दुकानाबाहेर पाटी लावली: या महिन्यात घेतलेल्या टोपल्या हाताने विणलेल्या नाहीत, चूक दुकानाची आहे, परत आणून द्याव्यात. नणंद संतापली. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेयस." अकरा परत आल्या. काहींनी टोपली चांगली आहे, राहू दे म्हटलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने मात्र विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं बाकीच्या चिठ्ठ्याही अशाच?" ती बाई पुन्हा कधी दुकानात आली नाही. भिंगरी कित्येक दिवस रस्त्यावर तिच्यासारखी चाल दिसली की वळून बघायची.

डॉक्टरांनी मावशींचं दुखणं कमी होईल म्हणून सांगितलं, पण विणकाम संपल्यात जमा होतं. भिंगरीने सुनेला विचारून पाहिलं, तू शिकतेस का.

"नाही," सून म्हणाली. "मला नाही कुणाची कला पुढे न्यायची. त्यांचे हात बघितलेत ना तुम्ही?"

तिचं ते तोंडावर बोलणं भिंगरीच्या डोक्यात राहिलं. महिन्याभराने तिनेच सुनेला कामावर घेतलं. काम एवढंच: बनवणाऱ्यांकडे जायचं आणि त्यांना किती जमेल ते विचारून यायचं. दुकानाला किती हवंय ते बोलायचं नाही. "चोराच्याच हाती किल्ल्या," असं म्हणून नणंद दोन महिने सुनेशी बोलली नाही. मग एकदा सुनेने तिच्या दुखऱ्या खांद्यासाठी मलम आणून दिलं, आणि अबोला आपोआप सुटला.

टोपल्यांची फळी अजून अर्धी रिकामीच असते. थंडी ओसरल्यावर मावशींनी एक छोटी झाकणाची डबी विणली, पण तिला आपल्या नावाची चिठ्ठी बांधू दिली नाही. "काठ वाकडा आलाय," म्हणाल्या. त्यावरून त्यांचा आणि भिंगरीचा वाद अजून मिटलेला नाही.

परवा सून कुंभाराकडून आली. "या महिन्यात कप नाहीत. त्याची पाठ धरलीय."

"पण निदान दहा तरी..." भिंगरी बोलून गेली.

सुनेने नुसतं तिच्याकडे पाहिलं. भिंगरीने झाडू उचलला आणि बाहेर जाऊन दुकानासमोरचा फुटपाथ झाडायला लागली. नणंदेने तो सकाळीच झाडला होता.